पंचवीस फुटांची वाट : एका व्याधीच्या मोजमापाचा इतिहास

माझ्या एका मामेबहिणीच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज भरावयाचा होता. त्या निमित्ताने तिच्या आजारपणाची चौदा वर्षांची कागदपत्रे एकदा क्रमवार लावावी लागली. दर चार-सहा महिन्यांनी तज्ज्ञ डॉक्टरांकडे झालेली फेरी, तारीख, औषधांची यादी आणि त्याखाली इंग्रजीतला एक ओळीचा शेरा, असे त्या कागदांचे स्वरूप. शेरा बहुतेक ठिकाणी एकच : प्रकृती स्थिर, तीच औषधे चालू ठेवावीत. याच चौदा वर्षांत शाळेत पायी जाणारी ही शिक्षिका आधी रिक्षाने जाऊ लागली, मग तिच्या हाती काठी आली, पुढे तिने मुदतीआधी नोकरी सोडली आणि अखेर घरातल्या घरात वॉकर धरून चालू लागली. कागदावर मात्र ती सदैव स्थिरच होती.

कपाटात दुसरीही एक चळत होती. ती तिच्या घरखर्चाच्या वह्यांची. आपल्याकडील जुन्या घरांत रोजचा हिशेब लिहून ठेवण्याची जी शिस्त होती, ती तिने मोडली नव्हती. त्या वह्या मी सहज उघडल्या आणि थबकलो. आरंभीच्या वह्यांतील शिक्षिकेचे नेटके, वळणदार अक्षर चौथ्या-पाचव्या वर्षी सैल होऊ लागते, आठव्या वर्षी ओळ सोडून खाली उतरते आणि नंतर बेरजांत चुका दिसू लागतात. रुग्णालयाच्या कागदांनी जे नोंदवले नाही, ते दूध-भाजीच्या हिशेबाने नोंदवून ठेवले होते. प्रमाणपत्राच्या कामी या वह्यांचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण तेथे रुग्णालयाचेच कागद लागतात.

या व्याधीचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. ‘एम. एस.’ या आद्याक्षरांनी ती अधिक ओळखली जाते. तिच्यामुळे येणारे अपंगत्व मोजावे कसे, हा प्रश्न वैद्यकाला केव्हा पडला आणि त्याने त्याची उत्तरे कशी शोधली, याचा इतिहास मी नंतर जमेल तसा वाचला. तो मला विलक्षण वाटला, म्हणून येथे मांडतो.

व्याधीचे स्वरूप

मेंदू, पाठीचा कणा आणि डोळ्यांकडे जाणारी नस यांतील मज्जातंतूंवर मायलिन नावाचे एक स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवरील वेष्टणासारखे त्याचे काम. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर उलटते आणि ठिकठिकाणी त्याची झीज होऊन चट्टे पडतात. चट्टा कोठे पडला यावर लक्षण अवलंबून राहते. एकाची दृष्टी अधू होते, दुसऱ्याचा पाय ओढला जातो, तिसऱ्याला लघवीवर ताबा राहत नाही, चौथ्याला बोटांतील संवेदना कमी झाल्याचे जाणवते. व्याधी बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन उमेदीत प्रकट होते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होते. २०२० साली जगभरातील अशा रुग्णांची संख्या सुमारे २८ लाख असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय पाहणीत मांडला गेला होता.

बहुतेक रुग्णांत आरंभी ती झटक्यांनी येते. एक झटका येतो, काही आठवड्यांनी ओसरतो, रुग्ण पुन्हा हिंडू-फिरू लागतो. पुढे मात्र अनेकांच्या बाबतीत झटका न येताही शक्ती हळूहळू ओसरत जाते. अशा उतरणीवर कालच्या आणि आजच्या दिवसांत फरक दिसत नाही. तो पाच वर्षांच्या अंतराने दिसतो. म्हणूनच या व्याधीत मोजमापाला आणि नोंदीला इतके महत्त्व आहे.

राजपुत्राच्या मुलाची रोजनिशी

या व्याधीची सर्वांत जुनी तपशीलवार नोंद एका रुग्णानेच केलेली आहे. ऑगस्टस द’एस्ते हा इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू. त्याच्या आईवडिलांचा विवाह राजघराण्याच्या विवाहकायद्यान्वये रद्दबातल ठरल्याने राजवैभव त्याच्या वाट्याला आले नाही. १७९४ साली जन्मलेला हा तरुण डिसेंबर १८२२ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात एका पितृतुल्य आप्ताला भेटावयास गेला. तो पोहोचण्यापूर्वीच आप्ताचे निधन झाले होते. अंत्यविधीच्या वेळी त्याने रडू निकराने आवरले आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याला पत्रेही वाचता येईनाशी झाली. काही काळाने डोळे आपोआप पूर्ववत झाले. १८२७ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे पुन्हा दृष्टी बिघडली, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या आणि पायांतील बळ गेले. तेथील वैद्याने भरपूर मांसाहार आणि मद्य असा उपचार सांगितला. काही आठवड्यांत पाय सुधारले.

सुमारे चोवीस वर्षे ऑगस्टस आपल्या शरीराविषयी असे लिहीत राहिला. चालण्याच्या बळातील चढउतार, तोल जाणे, बधिरपणा, लघवीचा त्रास, एकामागून एक केलेले उपचार, हे सारे त्यात आहे. १८४८ साली तो वारला. पुढे १९४० च्या दशकात ही रोजनिशी डग्लस फर्थ या अभ्यासकाच्या हाती आली आणि १९४८ साली, म्हणजे मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, तिच्यावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. ज्या व्याधीला त्याच्या हयातीत नावही नव्हते, तिचे निदान त्याच्या स्वतःच्या अक्षरांवरून झाले.

फ्लॉरेन्सचा प्रसंग मात्र एक इशारा देऊन जातो. झटका आपोआप ओसरणे हा या व्याधीचा स्वभावच आहे. तेव्हा त्याच सुमारास जे औषध घेतले, त्याला यश मिळाल्यासारखे दिसते. मद्य, मालिश, खनिजजलाचे स्नान, जो तो उपाय कधी ना कधी ‘लागू’ पडला. आजही एखाद्या बाबाच्या भस्माने किंवा जडीबुटीने अशा रुग्णाला गुण आल्याची कथा ऐकू येते, तिचे मूळ बहुधा याच स्वभावात असते. एका माणसाची एकट्याची नोंद प्रामाणिक असली, तरी औषधाचा खरा गुण पारखावयास अनेकांची, एकाच मापाने केलेली नोंद लागते. ते माप यायला आणखी शतकभर जावे लागले.

टोपीतील पिसे

पॅरिसमधील साल्पेत्रिएर हे मूळचे दारूगोळ्याचे कोठार. पुढे ते निराधार व रुग्ण स्त्रियांचे प्रचंड आश्रयस्थान झाले. तेथील हजारो स्त्रियांमध्ये झाँ-मार्तँ शार्को या डॉक्टरने आयुष्य घालवले. तेथल्या रुग्णा वर्षानुवर्षे तेथेच राहत आणि बहुतेकींचा अंतही तेथेच होई. त्यामुळे जिवंतपणी पाहिलेले लक्षण आणि मृत्यूनंतर मेंदूत आढळलेला चट्टा यांची सांगड शार्कोला घालता आली. असे चट्टे स्कॉटलंडच्या कार्सवेल आणि फ्रान्सच्या क्रुवेयिए यांनी तीस वर्षे आधी चित्रांत रेखाटले होते. पण १८६८ साली शार्कोने आपल्या व्याख्यानांतून या व्याधीला स्वतंत्र स्थान आणि ‘विखुरलेल्या कठीण चट्ट्यांचा रोग’ अशा अर्थाचे नाव दिले. तोवर ती कंपवाताशी सर्रास गल्लत होऊन बसलेली होती.

दोन्ही कंपांतील भेद श्रोत्यांना लांबूनही कळावा म्हणून शार्को रुग्णांच्या डोक्यावर लांब पिसे लावलेल्या टोप्या चढवीत असे. पिसांच्या थरथरण्यावरून कोणता कंप कशाचा, हे सभागृहातील शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यालाही दिसे. आजच्या दृष्टीने हा प्रकार आपल्याला खटकतो, कारण आजारी स्त्रीचे त्यात प्रदर्शन होते. पण डोळ्यांना नुसते जाणवणारे लक्षण सर्वांना सारखेच दिसेल अशा खुणेत उतरवण्याची धडपड त्यात आहे. मोजमापाची सुरुवात अशीच होते. मात्र ती पिसे निदानासाठी होती. आजार किती वाढला, हे सांगण्याची सोय शार्कोकडे नव्हती. आणि औषधही नव्हते, म्हणून तशी निकडही कोणाला भासली नाही.

कुर्ट्झकेची शिडी

ती निकड भासली १९५० च्या दशकात, अमेरिकेत. १९५२ साली आयसोनियाझिड हे क्षयावरील गुणकारी औषध प्रचारात आले. ते या व्याधीवरही चालेल अशी आशा काहींना वाटली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात जॉन कुर्ट्झके हा तरुण डॉक्टर हे औषध देऊन पाहत होता. रुग्ण सुधारला किंवा बिघडला असे म्हणावयाचे तर कशावरून म्हणावयाचे, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. १९५५ साली त्याने शून्य ते दहा अशा पायऱ्यांची एक शिडी प्रसिद्ध केली. शून्य म्हणजे तपासणीत काहीही दोष नाही; दहा म्हणजे या व्याधीने आलेला मृत्यू.

आयसोनियाझिड निरुपयोगी ठरले. अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या पडताळणीत १९५७ पर्यंत ते स्पष्ट झाले. पण जी शिडी त्या औषधासाठी घडवली, ती टिकली. १९८३ साली कुर्ट्झकेने प्रत्येक पायरीचे दोन भाग करून तिचा विस्तार केला. ‘ई. डी. एस. एस.’ या नावाने तीच शिडी आज जगभर वापरली जाते.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. खालच्या पायऱ्यांवर डॉक्टर दृष्टी, स्नायूंचे बळ, तोल, संवेदना, मलमूत्रावरील ताबा, विचारशक्ती इत्यादी आठ व्यवस्था तपासून प्रत्येकीला गुण देतो. चारच्या पुढे मात्र पायरी मुख्यत्वे चालण्यावरून ठरते. आधाराशिवाय, न थांबता सुमारे ५०० मीटर चालता आले तर ४. ३०० मीटर तर साडेचार. २०० मीटर तर ५. १०० मीटर तर साडेपाच. १०० मीटरसाठी काठीसारखा एका बाजूचा आधार लागला की ६; दोन्ही बाजूंना आधार घेऊन जेमतेम २० मीटर जमले तर साडेसहा. सातव्या पायरीवर चाकाची खुर्ची येते.

या शिडीने काय साधले? मुंबईतील डॉक्टर आणि माँट्रियलमधील डॉक्टर यांना प्रथमच एका भाषेत बोलता येऊ लागले. ‘बराच अशक्त’ किंवा ‘ठीक चालतो’ अशा शब्दांची जागा एका आकड्याने घेतली. चौदा वर्षे ‘स्थिर’ असे लिहिणाऱ्याला दर वेळी जर हा आकडा लिहावा लागला असता, तर ३ चे ४ आणि ४ चे ६ होताना त्याचे त्यालाच दिसले असते.

शिडीच्या उणिवा

तरीही ही शिडी सर्वांना पुरली नाही. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण जॅक्लिन द्यू प्रे या इंग्लिश चेलोवादिकेचे. विशीतच जगद्विख्यात झालेल्या या कलावतीच्या बोटांतील संवेदना १९७० च्या दशकाच्या आरंभी कमी होऊ लागली. तारेवर बोट कोठे पडले हे कळेना. १९७३ साली तिचे जाहीर वादन थांबले आणि त्याच वर्षी या व्याधीचे निदान झाले. १९८७ साली वयाच्या ४२ व्या वर्षी ती निवर्तली. वादन सोडावे लागले, त्या वेळी ती चालू शकत होती. चालण्यावर भर देणाऱ्या मापाने तिचा आकडा लहानच आला असता. पण तिच्या दृष्टीने जे जावयाचे ते गेलेच होते.

हीच गोष्ट लिहिणाऱ्या, शिवणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या हातांची. शिवाय विचार मंदावणे, स्मरणशक्ती कमी होणे आणि अकारण येणारा प्रचंड थकवा, यांमुळे माणसाची नोकरी चालणे बिघडण्यापूर्वीच जाऊ शकते. आणि शिडीवर या गोष्टींना फारच थोडी जागा आहे. शिडीच्या पायऱ्याही समान उंचीच्या नाहीत. दोनावरून तीनावर येणे आणि सहावरून सातावर येणे यांत आयुष्याचा फरक असतो. दोन जाणकार डॉक्टरांनी एकाच रुग्णाला तपासले तरी अर्ध्या-एका पायरीचा फरक पडू शकतो. आणि रीतसर तपासणीला अर्धा तास लागतो. आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागात, दारापर्यंत रांग लागलेली असताना, तो अर्धा तास कोठून आणावा, हा प्रश्न खोटा नाही. मामेबहिणीच्या डॉक्टरांना मी त्यामुळेच सरसकट दोष देऊ शकत नाही.

या उणिवा भरून काढण्यासाठी अमेरिकेतील रुग्णसंस्थेच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात तीन छोट्या चाचण्यांचा संच तयार झाला. पहिली पंचवीस फुटांची वाट : साधारण साडेसात मीटरचे अंतर रुग्णाने सुरक्षितपणे जितक्या वेगाने जमेल तितक्या वेगाने चालावयाचे आणि घड्याळावर सेकंद मोजावयाचे. दुसरी हातासाठी : नऊ भोके असलेल्या पाटीत नऊ खुंट्या एकेक करून बसवावयाच्या आणि पुन्हा काढावयाच्या. तिसरी विचारशक्तीसाठी : ठराविक अंतराने ऐकू येणाऱ्या अंकांतील प्रत्येक अंक मागच्या अंकात मिळवून बेरीज सांगावयाची. ही तिसरी चाचणी रुग्णांना इतकी नकोशी वाटे की, पुढे तिच्या जागी चिन्हे व अंक यांची जोडी लावण्याची दीड मिनिटाची चाचणी अनेक ठिकाणी आली. चालण्याच्या किंवा खुंट्यांच्या वेळेत २० टक्के वाढ झाली, तर ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही, असा संकेत अभ्यासकांत रूढ झाला. या चाचण्यांना तज्ज्ञ डॉक्टरच लागतो असे नाही. प्रशिक्षित परिचारिका, एक मोकळा व्हरांडा आणि एक घड्याळ एवढ्यावर काम भागते.

नोंदवह्यांचे मोल

मापापेक्षाही ते नियमाने वापरणे अधिक कठीण. ज्यांनी ते केले त्यांनी या व्याधीचा खरा इतिहास लिहिला. डेन्मार्कने १९५६ पासून देशातील अशा सर्व रुग्णांची नोंदवही ठेवली. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील लंडन या शहरात १९७२ साली एक खास दवाखाना सुरू झाला. तेथे येणाऱ्या १,०९९ रुग्णांच्या नेहमीच्या तपासण्यांतून १९८९ साली असा निष्कर्ष निघाला की, व्याधी सुरू झाल्यापासून काठीच्या पायरीपर्यंत, म्हणजे सहापर्यंत, पोहोचायला अर्ध्या रुग्णांना सुमारे १५ वर्षे लागतात. त्यानंतर त्याच देशाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नोंदींवरून २००६ साली हाच काळ सुमारे २८ वर्षे निघाला. नोंद कोणाची, कोठली आणि किती सौम्य रुग्णांपर्यंत पोहोचलेली, यावर चित्र किती पालटते, हे या दोन आकड्यांवरून ध्यानी यावे.

फ्रान्समधील लियाँ येथे क्रिस्तियाँ काँफाव्ह्रे यांनी १९७० च्या दशकातच रुग्णांची माहिती संगणकावर साठवावयास आरंभ केला होता. १,८४४ रुग्णांच्या या नोंदींतून २००० साली एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. एकदा चौथी पायरी गाठली की, तेथून सहाव्या-सातव्या पायरीपर्यंतच्या उतरणीची गती, झटके येवोत वा न येवोत, जवळपास सारखीच राहते. झटके आले नाहीत म्हणजे व्याधी थांबली, हा समज त्याने हादरला. पुढील दोन दशकांत नव्या औषधांच्या अभ्यासांतूनही हेच दिसले की, झटक्यांशिवाय होणारी ही मूक घसरण व्याधीच्या अगदी आरंभापासून चालू असू शकते. झटका आला की रुग्ण स्वतः धावत डॉक्टरांकडे जातो. मूक घसरण मात्र कोणी मुद्दाम मोजली तरच कळते.

१९८१ साली लंडनमध्ये एम. आर. आय. यंत्राने या चट्ट्यांचे पहिले चित्र टिपले, तेव्हा आता मोजमापाचा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. पण चट्टे पुष्कळ आणि त्रास थोडा, किंवा चट्टे थोडे आणि माणूस अंथरुणाला खिळलेला, असे विरोधाभास पुढे येत राहिले. चित्र आवश्यक असले, तरी पावलांची आणि बोटांची जागा ते घेऊ शकले नाही.

१९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन-बीटा या पहिल्या खास औषधाला मान्यता मिळाली आणि मोजमापाचा अर्थच पालटला. तोवर मोजून करावयाचे काय, असे म्हणता येत होते. आता औषध लागू पडते आहे की नाही, ते बदलून अधिक प्रभावी द्यावे काय, हे त्यावर ठरू लागले. २०१७ साली पहिल्यापासूनच हळूहळू वाढणाऱ्या प्रकारावरही एका औषधाला तेथे प्रथमच मान्यता मिळाली. शिडीवर पाचच्या खाली असताना एक पूर्ण पायरी वाढली आणि तीन किंवा सहा महिन्यांनी पुन्हा तपासताही ती तशीच आढळली, तर अपंगत्व वाढले असे साधारणपणे धरतात. दुसरी तपासणी यासाठी की, एका दिवसाचे वाईट पाऊल म्हणजे घसरण नव्हे. उलट, पहिल्या दिवसाचा आकडाच लिहिलेला नसेल, तर पुढचा कोणताही आकडा कशाशी ताडावा?

रुग्णाचे म्हणणे

या इतिहासाचे शेवटचे पर्व मला विशेष जिव्हाळ्याचे वाटते, कारण त्यात गाडी फिरून ऑगस्टसच्या रोजनिशीपाशी येते. २००१ साली लंडनमधील अभ्यासकांनी रुग्णाने स्वतः भरावयाची २९ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मागील दोन आठवड्यांत हातांनी कामे करताना किती अडचण आली, घरात हालचाल करताना किती, मन किती खचले, असे साधे प्रश्न त्यात आहेत. अशा आणखीही प्रश्नावल्या निघाल्या. प्रतीक्षागृहात बसल्या बसल्या त्या भरता येतात, त्यामुळे डॉक्टरांचा वेळ जात नाही. पुढे खुंट्या व चिन्हे यांच्या चाचण्या हातातल्या संगणकपाटीवर आणि चालण्याची नोंद भ्रमणध्वनीवर घेण्याचे प्रयोग झाले. दीडशे वर्षे डॉक्टरांच्या नजरेवर अवलंबून असलेले माप रुग्णाच्या हाती परत येऊ लागले.

आपल्या मुलखात

आपल्याकडे ही व्याधी जवळजवळ नाहीच, असा समज दीर्घकाळ होता. मुंबईच्या नोशीर वाडिया यांनी एका सहकाऱ्यासह मुंबईतील पारशी समाजाची पाहणी करून १९९० साली या समाजात ती लक्षणीय प्रमाणात असल्याचे दाखवून दिले. एम. आर. आय. यंत्रे शहरोशहरी पोहोचल्यावर इतर समाजांतील रुग्णही ओळखू येऊ लागले. रुग्णांची व कुटुंबीयांची संघटना मुंबईत १९८५ सालीच स्थापन झाली होती. डोळ्यांची नस आणि पाठीचा कणा यांनाच ग्रासणारा जो प्रकार आशियातील रुग्णांत याच व्याधीचा म्हणून गणला जाई, त्यापैकी बराचसा भाग निराळ्याच व्याधीचा आहे, हे २००४ साली एका खास प्रतिद्रव्याच्या शोधाने उलगडले. त्या व्याधीत अपंगत्व मुख्यतः झटक्यांनी साठते आणि औषधेही निराळी लागतात.

माळवा, वऱ्हाड, तेलंगण किंवा सीमाभागात राहणाऱ्यांनी ध्यानी ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली नोंदवले की, श्रमानंतर अशा रुग्णांची दृष्टी काही काळ मंदावते. पुढे कळले की, त्यामागे शरीराचे वाढलेले तापमान असते आणि पायांचे बळही तसेच घटते. मे महिन्याच्या दुपारी बसने येऊन, रांगेत दोन तास उभे राहून तपासलेला रुग्ण आणि डिसेंबरच्या सकाळी तपासलेला तोच रुग्ण यांच्या चालण्यात पुष्कळ अंतर पडू शकते. ताप आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनीही असेच होते. म्हणून मोजमाप शक्यतो सारख्या परिस्थितीत व्हावे, आणि तसे नसेल तर परिस्थितीचीही नोंद व्हावी.

कायद्यानेही या व्याधीची दखल उशिराच घेतली. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यातील सात प्रकारांत ती नव्हती. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ केली, त्यांत तिचा नावाने समावेश झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो कायदा अमलात आला. कायद्याने दिलेले विशेष लाभ मिळण्यासाठी अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणित व्हावे लागते. चढउताराच्या व्याधीला एका दिवसाच्या तपासणीवरून टक्केवारी देणे किती अवघड, हे येथवर वाचणाऱ्यास सांगावयास नको. मंडळापुढे बसलेल्या डॉक्टरांना रुग्णाची मागील दहा वर्षे दिसत नाहीत. त्यांच्या हाती येतात ते कागद. कागद जर ‘स्थिर’ म्हणत असतील, तर समोर वॉकर धरून उभी असलेली स्त्री त्या शब्दाशी एकटीने वाद घालू शकत नाही.

मामेबहिणीचा अर्ज पहिल्या खेपेस परत आला. मग एका तरुण डॉक्टरांनी तिला तासभर नीट तपासले, शिडीवरील पायरी लिहिली, व्हरांड्यात फूटपट्टीने अंतर आखून तिला चालवले आणि सेकंदही लिहिले. तपासणी संपल्यावर ती मला म्हणाली, “दादा, चौदा वर्षांत मला कोणी चालून दाखवायला सांगितलं नव्हतं रे.” त्या कागदांवर दुसरा अर्ज मंजूर झाला. पण औषध वेळीच बदलले असते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर आता कोणाजवळ नाही, कारण त्या वर्षांचे आकडेच नाहीत.

आपल्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या रोजकीर्दी, टिपणे, कुळाचार, जन्ममृत्यूच्या तिथी लिहून ठेवल्या गेल्या. परमुलखात येऊन राहिलेल्यांना आपली ओळख टिकवण्यासाठी ते अगत्याचे वाटले असावे. ज्या घरी असा दीर्घ आजार आहे, तेथे त्या सवयीचा आणखी एक उपयोग करता येईल. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळच्या वेळी, घरातल्या ठरलेल्या अंतरावर सोबत कोणी असताना चालावे आणि सेकंद लिहावेत. न थांबता कोठवर जाता येते, आधार काय लागतो, सदऱ्याच्या गुंड्या लावायला किती वेळ जातो, दुपारचा थकवा किती, तेही लिहावे. चार ओळी त्याच पेनाने दर महिन्याला लिहून तारीख घालावी. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यावी आणि आजचा आकडा कागदावर लिहून द्या, अशी नम्रपणे विनंती करावी. निदान आणि उपचार त्यांचेच. पण दोन भेटींच्या मधले सहा महिने आपल्याखेरीज कोणीही पाहिलेले नसतात.

मामेबहिणीच्या वह्या आता माझ्याकडे आहेत. गेल्या दिवाळीपासून तिची वही तिची सून लिहिते. डाव्या पानावर दूध, भाजी, किराणा असतो. उजव्या पानावर महिन्याच्या पहिल्या तारखेला माजघरापासून देवघरापर्यंतच्या पंचवीस फुटांचे सेकंद.